साडू, मी आणि चौथा लायनर

साडूचं भलं व्हावं असं मला कधीच वाटलेलं नाही.

आमचे साडू वसंतराव बोदवडकडचे. बायकोच्या धाकट्या बहिणीचे, लताचे, यजमान. म्हणजे नात्यानं माझ्याहून लहान. बाकी सगळ्यात मोठे! आमच्याकडे साधा टीव्ही आला तेव्हा त्यांच्याकडे रंगीत होता. मी सेकंडहँड मोटारसायकल घेतली, त्यांनी त्याच महिन्यात नवी घेतली. वयाच्या चाळिशीत माझे केस गळायला लागले आणि त्यांचे दाट झाले. (कसे, ते मला आजही कळलेलं नाही.)

त्या वर्षी ऐन केळी कापणीत आमच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी शिरलं. ऑइल पार चहासारखं झालं. सावद्याचे हारूनमिस्तरी इंजिन उघडून म्हणाले, "लायनर गये भाऊ. चारो बदलने पडेंगे. मंगळवारी येतो." लायनर म्हणजे ज्याच्यात पिस्टन खालीवर होतो ते लोखंडी नळकांडं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये चार असतात आणि जुने झाले की गंजून आत घट्ट बसतात. मंगळवारला चार दिवस होते. तोवर घड शेतात पिकायला लागले असते, पण मी थांबायला तयार होतो.

घोटाळा जेवताना झाला. सिंधू, म्हणजे आमची ही, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "वसंतरावच्या ट्रॅक्टरचंबी असंच झालतं म्हने. त्याहीनं घरीच काढले लायनर. एका सकाळीत. बठ्ठे, चारीच्या चारी!"

"स्वतः?"

"मंग काय! लतानं पत्रात लिव्हेल हाये."

पाणी पिऊन मी पहिलं काम काय केलं असेल, तर मिस्तरींना निरोप धाडला की मंगळवारी येऊ नका, गरज नाही.

दुसऱ्या दिवशी चार माणसं लावून ब्लॉक अंगणातल्या निंबाखाली आणला. त्याला धक्का बसू नये म्हणून खाली मोठं टायर आणि टायरवर हाताला लागली ती गोधडी. मग ब्लॉक आडवा पाडला आणि लाकडाचा ठोकळा लावून बुडाकडून घणाचे ठोके दिले. आणि काय सांगू! पहिला लायनर निमूट बाहेर आला. दुसरा आला. तिसराही आला. घड्याळात साडेनऊ!

"सिंधू, लताले पत्र लिव्ह!" मी ओरडलो.

"चवथा तं निंघू द्या," आतून उत्तर आलं.

चौथा निघेना. घण घातला, डिझेल ओतलं, तापवला, शिव्या दिल्या. घणाचा दांडा मोडला, माझा खांदा भरून आला, लायनर जागचा हलला नाही. सकाळ संपली. म्हणजे वसंतराव जिंकले! दुसरा दिवसही तसाच गेला. सिंधू एवढंच म्हणाली, "वसंतरावले इचारू का, कसे काढले ते?" त्या वाक्यानंच मला पुढची अक्कल सुचली.

विहिरीत मोटार उतरवायची चेन-पुली होती. ती निंबाच्या फांदीला टांगली. ब्लॉक सरळ उभा केला, लायनरच्या खालच्या तोंडाला लोखंडी पट्टी आडवी अडकवून तिची सळई वर काढली आणि साखळीला जोडली. आता लायनर जातो कुठं! मी साखळी ओढायला लागलो. काहीतरी वर येत होतं. मी आनंदानं आणखी ओढलं. लायनर वर ओढायचा तर ब्लॉक खाली बांधून ठेवावा लागतो, ही बारीकशी गोष्ट लक्षात आली तेव्हा अख्खा ब्लॉक माझ्या कमरेइतका उंच गेला होता आणि फांदी कुरकुरत होती. खाली सोडायला गेलो, तर साखळी अडकलेली!

तेवढ्यात फाटकाशी नवी मोटारसायकल थांबली. वसंतराव आणि लता!

"भाऊ, हे काय करी राह्यले?"

"काही नही," मी म्हणालो. "वाळत घातलाय."

लताचं लक्ष ब्लॉककडे नव्हतंच. ती खाली बघत होती. "व माय! ताई, हे आईनं शिवेल गोधडी ना व?"

सिंधू बाहेर आली. तिनं ऑइलनं काळीकुट्ट झालेली गोधडी पाहिली, मग मला पाहिलं. तिनं पदर खोचला, हे फार वाईट लक्षण.

वसंतराव पुढे झाले. "मोठा जाम दिसतो बा," असं म्हणून त्यांनी ब्लॉकवर बोटानं टकटक केलं. दार वाजवतात तसं. नुसतं टकटक!

धडाम्! ब्लॉक सुटून टायरवर आपटला. एकदा उसळला, गोधडीवर शांत बसला. आणि वर साखळीला चौथा लायनर देवळातल्या घंटेसारखा डुलत होता.

"बघा," सिंधू म्हणाली, "वसंतरावचा नुसता हात लागला!"

दोन दिवस घण मी घातला होता!

हारूनमिस्तरींना मीच जाऊन बोलावून आणलं. त्यांनी ब्लॉक पुसून पुसून पाहिला. "तडा नही. नसीब समझो. कुणी सांगितलं टांगायला?"

"मुद्दामच टांगला. ही माझीच पद्धत आहे," मी छाती काढून म्हणालो. फाटकाशी जमलेल्या निम्म्या गल्लीलाही मी हेच सांगून चुकलो होतो.

जेवणं झाल्यावर वसंतरावांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, एक सांगू? माह्ये लायनर मी नही काढले. मिस्तरीनं काढले. मी चहा पाजला. लतानं पत्रात मिस्तरीचं नावच लिव्हलं नही."

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता! मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि सिंधूला सगळं सांगितलं. ती गोधडी भिजवत होती. हात थांबवून तिनं कौतुकानं बाहेर बघितलं.

"सोताहून सांगितलं त्याहीनं? कोनी इचारलं नसतांनी? मानूस किती खरा व माय!"

खरेपणात वसंतरावांची बरोबरी करायची माझीही तयारी होती. पण त्यासाठी मला खरं बोलावं लागलं असतं!