म्हाळाआधीचे तीळ

गेल्या वर्षी चतुर्थी संपल्यानंतरच्या आठवड्यात आई मुळगावच्या आमच्या घरात न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन ती घरी आली तेव्हा पितृपक्ष लागला होता, आणि तिचे जेवण तुटले होते.

डॉक्टरांचे म्हणणे साधे होते. पोटात काही गेले नाही तर ताकद येणार नाही, आणि ताकद नसेल तर ती उभी राहणार नाही. दूध तिला पचत नाही. पितृपक्षात मासळी बंद. मी ओसरी ते स्वयंपाकघर येरझारा घालत होतो.

तीळ बायकोला सुचले. तिळात प्रथिने, तेल, लोह, कॅल्शियम. अख्खे तीळ पुष्कळदा न चावताच पोटातून निघून जातात. वाटले तर अंगी लागतात. सालासकट तिळात कॅल्शियम अधिक, पण सालामुळेच त्यातले काही शरीर घेत नाही. बेताने भाजायचे, नाहीतर कडवटपणा येतो. वाटताना पाणी घालायचे नाही, तिळाचेच तेल सुटू द्यायचे. नारळाच्या वाटणाची सवय असलेल्या हाताला हे जड जाते.

घरात तीळ होते ते काळे, बाबांच्या म्हाळासाठी, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धासाठी, डिचोलीच्या बाजारातून आणलेले. बायकोने त्यातले मूठभर वाटले, गूळ कालवला आणि दारावर पाव विकायला येणाऱ्या पोदेराच्या गरम, गोल उंड्याला लावून बशी आईपुढे ठेवली.

आई पेडण्याची. रागावली की तिकडचेच बोलते.

"माका तर्पण घालतंस गो? मी अजून जिती आसय."

"आई, तर्पणाक कोण गूळ घालता? चाखून तरी बघा."

आईने बशी सरकवली आणि माझ्याकडे पाहिले. "तुझ्या बापाशीचो म्हाळ अजून जावंक नाय. त्येच्या आदी मी खाव?"

त्यानंतर ती प्रत्येक घासावर संशय घेऊ लागली. बायकोने पांढरे तीळ वाटून दुधीच्या भाजीत घातले. आईने चव ओळखली आणि ताट तसेच परत पाठवले. भाताची पेजही अर्धी राहू लागली. वॉकर खाटेला टेकून उभा होता. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला. त्यांनी पुन्हा तेच सांगितले.

म्हाळाच्या दिवशी भटजी आले. मी काळे तीळ घालून पाणी सोडले. परसात पान मांडले. कावळा माडावर बसून राहिला, खाली येईना. मी दाराशी जात होतो, आत येत होतो.

"मामंजींना पानात सुंगटं हवी असतील, मासळीशिवाय ते कुठे जेवायचे," बायको हळूच म्हणाली.

आतून आईने विचारले, "शिवलो रे?"

"नाय अजून."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले. मग पुन्हा. शेवटी कावळा उतरला, वड्याचा तुकडा उचलून उडाला.

"शिवलो," मी म्हटले.

"त्येंचा झाला मा?" आई म्हणाली. "आता घेवन ये ता तुमचा काळा."

पुडीतले उरलेले तीळ बायकोने भाजून वाटले. आईने ते गूळ घालून खाल्ले आणि वाटी बोटाने पुसली. पुढे ते तिने तांदळाच्या पोळ्याबरोबर खाल्ले, पेजेबरोबर मीठ-मिरची घालूनही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, पोदेराचा भोंगा वाजल्यावर, आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. उंडे तिने घेतले.