पडद्यामागची रिकामी जागा

सेतूच्या बायकोचा, कमलाचा फोन आला तेव्हा मी पोह्यांच्या फोडणीत मोहरी टाकली होती. "सेतू गेले गं," एवढंच ती म्हणाली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" ... मग कांदा जळल्याचा वास आला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बागेत गवत कापायला गेला होता. तो खाली पडला तरी मशीन घरघरत राहिलं, म्हणून शेजारच्या बाईंनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. हार्ट. मी इथल्या, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात आयुष्य काढलेली डॉक्टर, मरण मला नवीन नाही. पण त्या दिवशी मला रडू आलं नाही, सेतूचा भयंकर राग आला. अरे, थोरल्या भावाशी मांडलेलं एवढं भांडण असं अर्धवट टाकून कोणी जातं का?

सेतुमाधवराव तंजावरचा मराठी. शेकडो वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर तिकडे गेलेल्या घराण्यातला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ. इथल्या युनिव्हर्सिटीत तो फिजिक्स शिकवायचा. ऐंशीच्या दशकात, मी नि माझा नवरा इथे नवीन असताना, कम्युनिटी हॉलमधल्या गणपतीला भेटला. माझ्या पणजीच्या तोंडी शोभेल असं जुनं मराठी, त्याला तमिळ हेल, आणि वर ट्वीडचं जॅकेट! मला हसू आवरेना. "हसा, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "मी शिकवतो इंग्लिशमध्ये, लिहितो तमिळमध्ये, भांडतो तेवढा मराठीत." पुढच्या दोनच भेटींत आम्ही अरे-तुरेवर आलो आणि कडाकडा भांडूही लागलो.

त्याच्या अभ्यासिकेत, फायरप्लेसशेजारच्या कोनाड्यावर एक काळा पडदा असायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सरळ तो बाजूला केला. आत नुसती रंगवलेली भिंत. "अरे, देव बसवायचा राहिला वाटतं! पुण्याहून गणपती आणून देऊ का?" यावर तो इतका हसला की कमला चहा टाकायचं सोडून बघायला आली. मग त्यानं सांगितलं. तो पाच-सहा वर्षांचा असताना वडील गेले. थोरल्या भावानं, अण्णांनी, त्याला वाढवलं. चिदंबरमच्या देवळात नटराजाशेजारी एक पडदा असतो. तो सरकवला की मूर्ती दिसत नाही. सोन्याच्या बेलपानांच्या माळा लटकताना दिसतात, आणि त्यांच्यामागे मोकळी जागा. तोच तिथला देव. अण्णांनी त्याला खांद्यावर घेऊन तो पडदा दाखवला होता. "काय आहे तिथे, म्हणून मी विचारत राहिलो," सेतू म्हणाला, "आणि बघ, अजून त्याचाच पगार घेतोय."

अण्णा कुंभकोणमहून एक तमिळ मासिक काढत. सेतू त्यात दर महिन्याला लिहायचा... रिकामी म्हणतो ती जागाही रिकामी नसते, तिच्यात सतत काहीतरी उमटतं आणि विरतं, हे सांगता सांगता तो चिदंबरमच्या पडद्यापाशी यायचा, नटराजाच्या पायापाशी यायचा. त्याला ते साम्य मनापासून आवडायचं. पण लेखाचं शेवटचं वाक्य ठरलेलं : "इथून पुढचं मला ठाऊक नाही." आणि अण्णा दर वेळी ते वाक्य काढून तिथे आपलं घालायचे : "आपल्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होतं." मासिक पोस्टानं यायचं, सेतू आधी शेवटचं पान उघडायचा, आणि त्याचा चेहरा आंबट व्हायचा. मी म्हणायचे, सांग ना त्यांना स्पष्ट! तर म्हणे, "ज्यांनी अंघोळ घातली त्यांना काय सांगू? पण डॉक्टरीणबाई, सारखं दिसणं म्हणजे तेच असणं नव्हे. जुळ्यांपैकी एकाला जेवू घातलं म्हणून दुसऱ्याचं पोट भरतं का?"

नव्वद साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात अण्णा इकडे आले. उंच, ताठ, कपाळाला भस्म, थंडी म्हणून धोतरावर सेतूचा ओव्हरकोट. इथल्या तमिळ मंडळानं त्यांच्या अध्यक्षतेखाली सेतूचं भाषण ठेवलं, आणि अण्णांनी परस्पर विषय देऊन टाकला : आपल्या ऋषींचं अणुविज्ञान. ते पोस्टर युनिव्हर्सिटीतल्या एका सहकाऱ्यानं सेतूला टी-रूममध्ये आणून दाखवलं, गालातल्या गालात हसत. तो घरी आला तो पांढराफटक. एकीकडे जन्मभराची विद्या, दुसरीकडे बापाच्या जागी असलेला भाऊ, आणि दोघांना एकाच हॉलमध्ये तोंड द्यायचं. कमलानं मला फोन करून सांगितलं, "तुम्ही दोघं या गं. मला एकटीला बसवणार नाही तिथे."

हॉल भरला होता. रेशमी साड्या, स्टीलच्या डब्यांतला लिंबूभात, मागे पेंगणारी मुलं. सेतू तमिळमध्ये बोलत होता. मला ओ की ठो कळत नव्हतं, कमला कानात सांगत होती. पडदा आला, रिकामी जागा आली, लोक माना डोलवत होते. मग तो थांबला. कमलाही थांबली. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "म्हणाले, साम्य सुंदर आहे, पण ते ज्ञान नव्हे," ती कशीबशी पुटपुटली. खुर्च्या करकरल्या. अण्णा उठले, आणि एवढ्या तमिळ लोकांसमोर घरच्या मराठीत बोलले.

"आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं की नव्हतं? एवढंच सांग."

"नव्हतं, अण्णा. आणि ठाऊक आहे असं ते म्हणालेही नव्हते."

"मी तुला खांद्यावर घेऊन पडदा दाखवला."

"दाखवलात. तिथे काही नव्हतं, अण्णा."

हॉलमध्ये बाकी कुणाला अक्षर कळलं नाही. कमला, माझा नवरा आणि मी, आम्हाला तिघांना कळलं, आणि मी मान खाली घातली. अण्णांनी सत्काराची शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि ते बाहेर गेले. सेतूच्या घरी परत आलेच नाहीत. दुसऱ्या कुणाकडे राहिले आणि तिथूनच विमानतळावर गेले. त्यानंतर मासिकात सेतूचं नाव दिसलं नाही. हा मात्र लिहून पाठवतच राहिला, दर महिन्याला, शेवटच्या वाक्यासकट. मी चिडायचे. "त्या म्हाताऱ्याला काही वाटतं तरी का?" तो म्हणायचा, "वाचत असतील गं ते." ... या वसंतात एकदाचा निरोप आला : अण्णा उन्हाळ्यात येतायत. भांडायला की भेटायला, कुणालाच माहीत नव्हतं. सेतूनं पाहुण्यांची खोली रंगवली, रंग पसंत पडेना म्हणून पुन्हा रंगवली. बागेतलं गवतही म्हणूनच कापत होता.

अण्णांना व्हिसा मिळेपर्यंत अंत्यसंस्कार होऊन गेले. ते आले तेव्हा मी तिथेच होते. केवढे वाकलेत! कुणाशी न बोलता ते अभ्यासिकेत गेले. मागोमाग कमला, मी, आणि सेतूची मुलगी जयंती, जी एडिनबराला डॉक्टरकी शिकते. अण्णांनी पडदा सरकवला. आमच्या मंडळातल्या बायकांनी आत सेतूचा फोटो ठेवला होता, चंदनाचा हार घालून, पुढे समई. कोनाडा तयारच होता, आपल्या माणसांना दुसरं काय सुचणार? मला वाटलं, आता हे कोसळतील.

"हे कुणी ठेवलं?" ते कडाडले. त्यांनी फोटो उचलला, उपरण्यानं काच पुसली आणि तो कमलाच्या हातात दिला. समई उचलून टेबलावर ठेवली. "ती जागा त्याची आहे. तिथे काही ठेवायचं नाही." म्हातारा त्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभा राहिला... हलेचना.

जयंतीचं मराठी इकडे वाढलेल्या मुलांचं, मोडकंतोडकं. ती हळूच पुढे झाली. "मोठेकाका, तुम्हाला काय दिसतो तिथे?"

आता ते वाक्य येणार, वर्षानुवर्षं छापलेलं. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं.

"ठाऊक नाही, बाळ," ते म्हणाले. "मला... ठाऊक नाही."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा पुन्हा ओढून घेतला.