तोंड भाजणाऱ्या तीन ट्यूबा

मागच्या वर्षी शिमगा झाल्यावर माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं आणि उजव्या डोळ्याखाली एक खरखरीत लाल डाग उठला. खोबरेल लावून जाईना. नात औषधांचं शिकते, ती मला परळला त्वचेच्या डॉक्टरबाईकडे घेऊन गेली. बाईने भिंगातून बघितलं आणि तो डाग तिथेच थंड फवारा मारून गोठवून टाकला.

"आजी, हा उन्हाने आलाय. परत आला तर वाईट वळण घेऊ शकतो. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा, नाहीतर उन्हातलं काम बंद करा."

माझं काम उन्हातलंच. लालबागला आमच्या चाळीचा टॉवर झाला, तरी उन्हाळ्यात सोसायटी गच्ची मला देते. लोक मिरच्या आणून टाकतात. मी देठ काढते, कडक वाळवते, बाकीचा मसाला भाजते आणि डंकाच्या गिरणीत उभी राहून कुटून आणते. तीस वर्षं झाली. गुडघे आता जिन्याचं नाव काढू देत नाहीत, आणि लिफ्ट गच्चीच्या एक मजला खाली थांबते. पण तीस वर्षं ज्यांचा मसाला केला त्यांना नाही कसं म्हणायचं?

म्हणून ट्यूब आणली. नातीने मागची बारीक अक्षरं वाचली. अॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन. मी चौथी पास, मला ती रंगाच्या डब्यांची नावं वाटली.

"हे ऊन शोषून घेतात आजी. दोन बोटं भरून घ्यायचं, चोळून जिरवायचं नाही."

सकाळी घरी लावलं, काही झालं नाही. अकराला गच्चीवर परत लावलं आणि तोंडाची आग आग झाली. डोळ्यांतून पाणी.

"अॅव्होबेन्झोन झोंबतं कुणाकुणाला," नात म्हणाली. दुसरी ट्यूब आली, झिंक ऑक्साइडची. ही बाळांनाही चालते म्हणे. लावली की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं तोंड. शेजारीण दारातच हसली.

"काय गो, दशावतारात काम मिळाला काय?"

"मिळालं. तू ये राक्षसाला," मी म्हटलं.

ती ट्यूबही गच्चीवर झोंबली. मग तिसरी, कातडीच्या रंगाची. झिंक होतंच, वर लोहाचं ऑक्साइड. वांगाला ही बरी, कारण साध्या उजेडानेही वांग वाढतं, असं नात म्हणाली. तिन्हींवर एसपीएफ पन्नास.

"सगळ्यांवर पन्नास, मग फरक काय?"

"पन्नास हे कातडी भाजणाऱ्या उन्हासाठी. काळी करणाऱ्या उन्हाचं पीए बघायचं. त्याच्यापुढे अधिकची चार चिन्हं हवीत."

तिसरीचीही अकराला आग झाली. मी तिन्ही ट्यूबा खिडकीत ठेवल्या आणि सांगितलं, माझ्या कातडीला एकही चालत नाही, डॉक्टर म्हणाली तसं काम बंद. सांगताना मला वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं.

नातीला पटेना. "झिंकने आग होत नाही आजी. मला बघू दे." रविवारी ती माझ्याबरोबर गच्चीवर आली. अकरा वाजता स्वतःच्या हाताने माझ्या डाव्या गालाला पहिली ट्यूब लावली, उजव्याला दुसरी आणि कपाळाला तिसरी. आम्ही टाकीच्या सावलीत बसून राहिलो. काही झालं नाही. मग तिने माझा हात धरला, बोटांचा वास घेतला आणि माझं बोट स्वतःच्या ओठाला लावलं. लगेच थू थू करत नळाकडे पळाली.

"आजी! मिरचीच्या हाताने लावत होतीस?"

"हात धुतले होते."

"पाण्याने?"

पाण्याने. नव्या सुनांना मीच सांगत आले, मिरच्या निवडल्यावर पाण्याने भागत नाही, आधी तेल चोळा, मग साबण, तोवर पोराला हात लावू नका. माझ्या बोटांना ते जाणवायचं कधीच बंद झालंय. आणि मोसमात मी तोंडाला हात लावतच नाही, घामसुद्धा कोपराने पुसते. क्रीम लावायला म्हणून पहिल्यांदाच हात गालाला गेला होता.

नात खूश झाली. तेलाची बाटली गच्चीवर ठेवू, साबण ठेवू, रंगवाली ट्यूब वापर, तुझं काम चालू राहील, असं भराभर बोलत होती. मी वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत होते. तिन्ही ट्यूबा निर्दोष निघाल्या, आणि मला त्यांचा राग आला. कुणीतरी बंद करायला लावेल म्हणून मी टपून बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

गच्चीवर होत्या तेवढ्या मिरच्या पुऱ्या केल्या. तेल, साबण, दर दोन तासांनी क्रीम, सगळं पाळून. एकदाही जळलं नाही.

आठवड्याने ठाकूरद्वारच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, मिरच्या कधी पाठवू म्हणून.

"आता नको. मी काम बंद केलं."

"अगं बाई! डॉक्टरांनी बंद करायला लावलं का?"

"नाही. दमले मी."

त्या म्हणाल्या, निदान प्रमाण तरी सांगा. मी खुर्ची ओढून बसले आणि बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, सावकाश सांगत गेले. त्या लिहून घेत होत्या.