ज्याच्या त्याच्या मुठीतले दहा

नोटाबंदी झाली त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी भर पालकसभेत एक फुशारकी मारली. फुशारक्या मी नेहमीच मारते, पण त्या खेपेला समोर पाड्यावरची आजी बसली होती.

माझी शाळा रानशेतच्या पुढे एका पाड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता, पहिली-दुसरी माझ्याकडे. त्या वर्षी तलासरीकडच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस आमच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती. बस म्हणजे बूट, बूट म्हणजे टाय, आणि टाय म्हणजे पोरगं साहेब झालंच! आजीच्या घरातली चार मुलं आमच्या पटावर होती. ती गेली की मागून निम्मा पाडा जाणार, हे मला ठाऊक होतं. आजीलाही ठाऊक होतं.

"तिथली पोरं हंड्रेडपर्यंत घडाघडा बोलतात," आजी सभेत म्हणाली. "तुझी पोरं काड्या बांधत बसतात."

आमच्याकडे म्हातारी माणसं साहेबालाही अरे-तुरे करतात, तिथं मी कोण!

मी पदर खोचला. "आजी, बोलणं वेगळं, समजणं वेगळं. शनिवारी सगळेच या. काहीही आणा, ढीगभर आणा. माझी दुसरीची पोरं दहा-दहाचे गठ्ठे करून पाणी प्यायच्या आत किती ते सांगतील."

"आणि एक जरी चुकलं तर?"

"तर तुमच्या चारही पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले त्याच दिवशी लिहून देईन!"

आमचे दुसरे गुरुजी मागं कपाळाला हात लावून बसलेले मला दिसले. पण माझी खात्री होती. दुसरीतली अकरा पोरं वर्गातल्या चिंचेच्या काड्या उचलून रबर लावायची ती विजेसारखी! गठ्ठा मांडला की पुढचा हातात. एवढ्या झपाट्यानं दहा मोजणारी पोरं मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. डहाणूला घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "जास्तच झपाट्यानं नाही वाटत?" जेवताना मी त्याला वाढायचं विसरले.

शनिवारी आजी आली ती खराटा घेऊन. मला वाटलं, शाळा झाडायला आणलाय. आजीनं खराट्याची दोरी सोडली आणि सगळे हीर सतरंजीवर सोडून दिले.

"सांगा किती."

पोरं तुटून पडली. हीर उचल, रबर लाव, ठेव. ग्लास माझ्या ओठाला लागतोय तोवर सात गठ्ठे आणि चार सुटे हीर रांगेत उभे. "चौऱ्याहत्तर!" अकरा गळ्यांतून एकच आरोळी. मी कमरेत वाकून पालकांना नमस्कार केला.

"पाच विसा नि एक," आजी म्हणाली. तिच्या पिढीची माणसं विसाविसानं मोजतात. "रात्रीच मोजून ठेवलेत. लिही दाखले."

मी वाकलेली होते ती तशीच राहिले. पाच विसा आणि एक म्हणजे एकशे एक. आपली एवढी मोठी चूक होईल कशी? आजीच चुकली असणार, असं मला मनापासून वाटलं, आणि तेवढ्यात तिची नात पुढं आली. दुसरीतली सगळ्यात लहान. हाताची बोटं मुगाच्या शेंगांसारखी.

"बाई, माझ्या गठ्ठ्यात नऊच आहेत."

"नऊ कसे?"

"माझी मूठ बारकी आहे ना."

मग शेजारच्या जाड्यानं आपला गठ्ठा सोडला. अठरा! त्याच्या पलीकडचीनं सोडला. तेरा. एकदम गलका उडाला.

"अठराचा दहा असतो काय रे?"

"तुझा हात आहे की फावडं!"

"अरे पण मोजून कोण बांधतं?" तो जाड्या कळवळून ओरडला. "आवणीत रोपांची जुडी कोण मोजतं? मूठ भरली की जुडी!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही अकरा मुलं आणि वीस पालकांच्या देखत. ही पोरं महिनाभर घरच्यांबरोबर भातलावणी करून आली होती. त्यांना मूठ पक्की ठाऊक होती. चिंचेची काडी जाड, म्हणून मुठीत दहाच्या आसपास बसायची. हीर बारीक, म्हणून दीडपट मावले. आणि मी? मी त्यानंतर एकही गठ्ठा उघडून पाहिला नव्हता. झपाट्यावरच भाळले होते.

"जुडी मुठीचीच असते," आजी जरा नरमाईनं म्हणाली. "मीच शिकवलंय त्यांना."

"मग बाईंचा गठ्ठा वेगळा असतो, आजी," नात म्हणाली. "तो कुणीही बांधला तरी सारखा."

हे वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

पोरांनी सगळे गठ्ठे सोडले आणि या वेळी बोटानं मोजून, एकमेकांचे तपासून पुन्हा बांधले. दहा गठ्ठे झाले. एक हीर उरला. "एकशे एक," कुणीतरी हळूच म्हणालं. आजीनं मान हलवली. "मी पाच विसा म्हटलंय."

नातीनं दोन गठ्ठे उचलून आजीच्या मांडीवर ठेवले. "हा तुझा एक वीस." आणखी दोन. "हा दुसरा." असे पाच वेळा. मग उरलेला हीर तिनं आजीच्या हातात दिला.

आजी मांडीकडं पाहत राहिली. बोटांनी एक गठ्ठा दाबून पाहिला, दुसरा दाबून पाहिला. दोन्ही सारखेच होते.

"चुकलं ते चुकलंच, बाय," ती शेवटी म्हणाली. "बोललीस तू सगळ्यांसमोर."

"बोलले," मी म्हटलं. मी उठून दाखल्यांचं पुस्तक काढलं. पेनाचं टोपण उघडलं.

"मोठ्याचा लिही. तो चौथीत आहे, त्याचा जीव त्या पिवळ्या बसमध्ये अडकलाय, जाऊ दे त्याला. बाकीची तीन राहू दे." मग आवाज चढवून, "पण गठ्ठे सोडून बघत जा जरा!"

मी हो म्हटलं. चौथीवाला आनंदानं बाहेर पळाला. मी दाखला लिहिला, गुरुजींनी सही केली, शिक्का मारला. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद नातीपुढं धरला.

"एकच आहे ना गं? बघ नीट. ही बाय घाईत लिहिते."