झिरो मास्तरांचा फोन

आमच्या मिक्सर-रिपेअरवाल्यांच्या ग्रुपवर झिरो मास्तरांनी कधी एक उत्तर लिहिलं नाही. कोणी विचारलं, "मिक्सर तापतोय, काय करू?" की ते सरळ त्यालाच फोन लावायचे. घाटकोपरला त्यांचं एवढुसं दुकान. खांदा वर करून कानाला फोन दाबलेला, हातात पाना. मी एकदा म्हटलं, "मास्तर, ग्रुपवर लिहा ना. तुम्ही किती हुशार ते सगळ्यांना कळेल."

"थांब मरे," ते त्यांच्या मालवणी हेलात म्हणाले. "त्याचं काय चुकलं ते दोनशे जणांसमोर कशाला सांगू?"

मग ॲडमिनने पॉइंट काढले. उत्तराला जितके अंगठे तितके पॉइंट, आणि महिन्यात पहिला येईल त्याला स्क्रूड्रायव्हरचा सेट. मास्तरांचे पॉइंट शून्य, म्हणून ते झिरो मास्तर. त्यांना नाव फार आवडलं. दुकानात कोणी आलं की म्हणायचे, "बस, झिरो चहा मागवतोय."

मी मात्र पेटलो. मी चौथी नापास माणूस. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या यादीत माझं नाव वर येणार होतं. कोणी पंखा विचारो, मिक्सर विचारो, एका मिनिटात माझं उत्तर तयार: "कार्बन बदल." मिक्सरच्या मोटरमधले कार्बन झिजतात एवढं मला पक्कं माहीत होतं. बाकीचं फारसं नव्हतं. अंगठे कमी पडायला लागले तसं बायकोला, सुमनला, ग्रुपमध्ये घुसवलं. मेव्हण्यालाही घुसवलं. तो केस कापतो. सेट मलाच मिळाला.

एके दुपारी बोरिवलीत आमच्या गल्लीतल्या परब वहिनींनी हाक मारली. "भाऊ, बघा ना, इडलीचं पीठ वाटायची मशीन नुसती घूं घूं करतेय. सकाळी पूजेला दीडशे इडल्या द्यायच्यात. संध्याकाळपर्यंत वाटलं नाही तर पीठ फुगायचं नाही. पहिलीच ऑर्डर आहे हो माझी."

"वहिनी, नंबर एक माणूस आलाय," मी म्हटलं. मशीन उघडली आणि तासभर कार्बन शोधला. सापडेचना. वहिनी एकदा भिजलेल्या तांदळाकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. ग्रुपवर विचारायचं, तर इज्जतीची वाट लागणार. नंबर एकने कसं विचारायचं? शेवटी सुमनला बोलावलं आणि तिच्या फोनवरून लिहिलं, "इडलीचं पीठ वाटायची मशीन घूं घूं करते, फिरत नाही. मदत करा."

दोन मिनिटांत मास्तरांचा फोन. सुमन म्हणाली, "मी नाही बोलणार. खोटेपणा तुझा, तूच निस्तर."

मी आवाज बारीक केला. "हॅलो?"

"सुमनताई ना? सर्दी झालीय वाटतं."

"हो ना भाऊ."

"काढा घ्या. प्लग काढलाय? आता पट्टा उतरवा, मोटरची पुली हाताने फिरवा. मोकळी फिरते?"

"फिरते हो," मी लाजून म्हटलं. वहिनींनी तोंडात पदर कोंबला.

"मग मोटर झकास आहे. तिला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेलाय, नवा टाका. आणि ताई, कार्बन शोधत असाल तर राहू द्या. ह्या मोटरला तो नसतोच."

नाक्यावरून कंडेन्सर आणून बसवेपर्यंत मास्तर फोनवर थांबले. दगड घर्र करून फिरला तसे पलीकडून ओरडले, "हां! ऐकलं! आता मला जेवण गोड लागेल." सकाळी दीडशे इडल्या गेल्या.

पुढे मास्तर दुकान कायमचं बंद करून मालवणकडे गावी निघाले. मी भेटायला गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "काय रे, मिसेसचा घसा बरा झाला?"

"मास्तर! कधी कळलं?"

"पहिल्या हॅलोला. ती बाई फक्त तुझ्याच उत्तरांना अंगठा देते. एवढा मूर्खपणा बायकोशिवाय कोण सहन करणार?" पोटभर हसले, मग खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या नंबरवाल्याने विचारलं ना, की बाकीच्यांना धीर येतो. आता तुझ्या नावाने विचार."

ते गावी गेले त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "वॉशिंग मशीनमधलं मला काही कळत नाही. कोणी शिकवेल का?" एक अंगठा आला नाही. सुमननेही दिला नाही. पण मुलुंडहून एकाचा फोन आला. "दादा, मलाही नाही रे येत. लाजेपायी गप्प बसलो होतो."

आता दर रविवारी आम्ही पाच जण माझ्या घरची वॉशिंग मशीन उघडून बसतो. ती अजून चालू झालेली नाही. तोवर घरातले कपडे मी हाताने धुतो.