न फोडलेला नारळ

मनवेलपाड्यात आमच्या चाळीसमोर सार्वजनिक नळ बसला, पण आमच्या नगरसेवकांनी नारळ फोडला नाही. शेजारची वहिनी म्हणाली, "भाऊ, फोडा की. मुहूर्ताचं असतं."

"पाणी येऊ दे, वहिनी. मग फोडू," म्हणत त्यांनी गिरीजहून आणलेला नारळ परत स्कूटरच्या डिकीत ठेवला.

त्यानंतर ते रोज सकाळी यायचे. आम्ही हंडे घेऊन टँकरची वाट बघत असायचो. ते नळ सोडायचे, नुसती हवा फुसफुसायची, मग तोटी घट्ट पिळून बंद करायचे. पाणी आलंच तर वाया जायला नको. 'बघतो' हा पुढाऱ्यांचा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "उद्या विचारतो," म्हणायचे आणि खरोखर नगरपालिकेत विचारून यायचे. उत्तर तेच असायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात डिकीतला नारळ हलवला तरी वाजेना.

नारळ फोडला नाही म्हणूनच पाणी अडलं, असं चाळ म्हणू लागली. मीही मान डोलावली. निवडणुकीत ते पडले.

नव्या नगरसेवकाने पहिल्याच आठवड्यात त्या कोरड्या नळावर नारळ फोडला. टाळ्या झाल्या, खोबरं वाटलं. माणसं पांगल्यावर मागे उभे असलेले भाऊ पुढे आले. त्यांनी नळ सोडून पाहिला आणि पूर्वीसारखाच घट्ट बंद केला. मला बघून सवयीने म्हणाले, "उद्या विचारतो," आणि मग थांबले.

माझ्या तोंडात खोबरं होतं.