फीत डरते

कॅसेट हातात आली की चाचा आधी तिचं झाकण अंगठ्याने उचलत आणि आतल्या फितीचा वास घेत. खरबूज घेताना आपण घेतो तसा. मग डाव्या हाताचा पंजा समोर धरून, रस्त्यात पोरांना अडवावं तसं, सगळ्यांना थांबवत आणि म्हणत, "घाई नका करू. फीत डरते."

फीत कशाला घाबरते? घाबरायचे ते चाचा. दुकानाला कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर परत येऊन कुलूप ओढून पाहणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. चाचा तीन वेळा परत येत. अमरावतीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा धरणारा माणूस, आणि कपाळावर कायमची आठी. अर्ध्या जिल्ह्याची लग्नं त्यांनी त्या आठीखालून पाहिली असतील. माझ्या मुलाचा पहिला वाढदिवसही त्यांनीच शूट केला होता, आणि केक कापेपर्यंत बॅटरी पुरेल की नाही या काळजीने त्यांनी घास घेतला नव्हता.

आमच्याकडे चपटा टीव्ही आला तेव्हा मी हौसेने जुना व्हीसीआर माळ्यावरून काढला आणि माझ्या लग्नाची कॅसेट लावली. भिंतभर चित्र आलं. सगळी माणसं रुंद, गुबगुबीत, आणि चेहरे असे विस्कटलेले की पाण्यातून पाहतोय असं वाटावं. सासूबाई मात्र खूश झाल्या. "तेव्हा माझी तब्येत किती चांगली होती," म्हणाल्या. नेमके तेवढ्यात चाचा वर्गणी मागायला आले. पडद्याकडे पाहून त्यांचा जीव असा कासावीस झाला की वर्गणी राहिली बाजूला, त्यांनी रिमोट मागितला. दोन बटणं दाबली. चित्र आकसलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि सासूबाई होत्या तशा सडपातळ झाल्या. बरेच दिवस त्या चाचांशी बोलल्या नाहीत.

"एवढे पैसे घालून काळ्या पट्ट्या पाहायच्या का?" मी जरा तोडूनच विचारलं. माझा स्वभाव तसा आहे.

"मानूस जसा हाये तसा दिसला पाह्यजे, मॅडम. टीव्ही नवा हाये, फीत जुनी हाये. नव्यानं जुन्याले असं ताणू नये."

मग ते आमच्या टीव्हीच्या मागेच लागले. व्हीसीआर उघडून स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. टीव्हीच्या सेटिंगमधला शार्पनेस, म्हणजे चित्राची धार, कमी केली. "जुन्या तोंडाले धार लावली तर सुरकुत्या नाही तिथं सुरकुत्या येते," म्हणाले. पुढे नागपूरहून एक लहानशी डबी आणली आणि व्हीसीआर आणि टीव्हीच्या मध्ये जोडली. चित्र खरोखर सुधारलं. फक्त खाली एक पांढरी पट्टी लुकलुकायला लागली आणि डाव्या कडेला काळपट झालर दिसू लागली. ती पाहून चाचांचा चेहरा पडला. जुन्या डब्यासारख्या टीव्हीत चित्राची कड काचेच्या चौकटीमागे दबून जायची, कोणाला दिसायची नाही, असं त्यांनी मला समजावलं. नव्या टीव्हीवर ती उघडी पडली होती. त्यांनी सेटिंगमध्ये चित्र किंचित मोठं केलं, चारही कडा पडद्याबाहेर ढकलल्या, आणि सुस्कारा सोडला. "कडेची घाण झाकाची. आयुष्यभर तेच केलं."

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती, बुडालेल्या कापसाची आणि कर्जाची. लग्नं पुढे ढकलली जात, नाहीतर देवळात चार माणसांत उरकली जात. चाचांचा कॅमेरा दुकानात टॉवेलखाली झाकून असे. पण गिऱ्हाईक येत होतं, वेगळं. धामणगावकडून, नांदगावकडून लोक पिशवीत जुनी लग्नाची कॅसेट घेऊन येत. त्यातल्या एका माणसाचा फोटो काढून हवा असे, भिंतीवर लावायला. कोणाचा आणि का, हे चाचा विचारत नसत. त्या वर्षांत आम्ही कोणीच विचारत नव्हतो. एखादा तरुण गेला म्हटलं की मान खाली घालायची एवढंच ठरलेलं होतं.

चाचांच्या दुकानातला टीव्ही लहान, म्हणून ते माझ्याकडे येत. खिडक्यांचे पडदे ओढत, स्टँडवर कॅमेरा लावत आणि चालत्या चित्रात नेमक्या क्षणी टीव्हीचाच फोटो काढत. कॅसेट थांबवली तर चित्र थरथरतं, म्हणून थांबवायची नाही. आणि एकदाच लावायची. "एकच खेप देईन, दुसरी मागू नका," हे ते आधीच सांगून ठेवत. जुनी फीत दुसऱ्या खेपेला तुटली आणि कोणाचा शेवटचा चेहरा आपल्या हातून गेला, तर काय करायचं, या भीतीने त्यांना झोप लागत नसे. हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं.

शोभा आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. हसतमुख बाई. तिचा धाकटा भाऊ गेला आणि ती हसायची थांबली. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तिने मला विचारलं, चाचा तिच्या लग्नाच्या कॅसेटमधून त्याचा फोटो काढून देतील का. भावाचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नाचा अल्बम गळक्या छपराखाली भिजून एक गठ्ठा झाला होता. मतदान कार्डावर त्याच्या नावापुढे जो काळा डाग होता तो कोणाचाही असू शकला असता.

रविवारी दुपारी ती आईला घेऊन आली. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे त्यांचं गाव. आईने कॅसेट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात आणली होती. मी खुर्ची दिली तरी ती खालीच बसली.

"मले त्याचा आवाज आठवते वो बाई," ती मला म्हणाली. "तोंड आठवेनासं झालं. डोये मिटले का दुसऱ्याच कोनाचं तोंड येते."

मी पाणी आणायला उठले.

चाचांनी कॅसेटवरचं लेबल पाहिलं. त्यांच्याच दुकानाचं होतं. वास घेतला, आणि आठी आणखी खोल गेली. बुरशी होती. त्यांनी फितीच्या कडा कापसाने इतक्या हळू पुसल्या की पाहतानाही मला घाम फुटला. त्यात लोडशेडिंगचा भरवसा नव्हता. वेळापत्रक होतं, पण वीज ते वाचत नव्हती. फीत यंत्राच्या पोटात असताना वीज गेली तर ती तिथेच अडकणार. चाचा पंख्याकडे पाहत होते, फिरतोय ना म्हणून. शेवटी पंजा वर धरला. "घाई नका करू."

घाई कोणीच करत नव्हतं. त्यांनी कॅसेट आत ढकलली.

अंतरपाट दिसला, अक्षता दिसल्या. नवऱ्याचा कान पिळायची वेळ आली तेव्हा पडद्यावर एक जाडा मुलगा पुढे आला.

"हा चुलतभाऊ," शोभा म्हणाली. "त्यानंच कान पिळला आनं पोषाख घेतला. आमचा वाढपात होता. कोनी बोलावलं त याले वेळच नाही."

मग पंगत लागली. फेटेवाल्या पाहुण्यांची लांबलचक रांग, आणि डावीकडून ताटाकडे पळी घेऊन येणारा एक हात. नुसता हात. येई, वाढे आणि जाई.

"हात त्याचा हाये," आई म्हणाली.

चाचा कॅमेऱ्यावर वाकले. हात पुन्हा आला, त्याच्यामागे खांदा येऊ लागला, आणि तेवढ्यात टीव्हीतून एक खेकसलेला आवाज आला, "ए, बाजूले हो रे. फ्रेममधी येऊन राह्यला." खांदा लगेच मागे सरला. पडद्यावर पुन्हा फेटेच फेटे.

आणि वीज गेली.

पंखा थांबल्यावर घर एकदम शांत झालं. फीत आत अडकलेली होती. चाचांनी व्हीसीआरवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि तो तिथेच राहू दिला.

मी चहा टाकला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. चहा आला, निवला. कोणी प्यायलं नाही. चाचा खाली पाहत म्हणाले, "थो आवाज माहा होता, माय."

शोभाने त्यांच्याकडे पाहिलं.

"मोठ्या लोकांची पंगत होती. त्यायचे तोंडं साफ याले पाह्यजे होते. वाढपी मधी मधी येत होते, मी हाकलत होतो. सगळ्याच लग्नात हाकलले. माह्या किती फिती असतीन तशा." ते थांबले. "तुमचा पोरगा मीच बाजूले केला."

आईची नजर काळ्या पडद्यावरच होती. मला चाचांचा राग येतोय की त्यांची कीव, हे मला ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, की ही बाई आता उठेल, डबा उचलेल आणि रिकाम्या हाताने एसटी स्टँडवर जाईल.

पंखा फिरला. चाचांनी बटण दाबलं, यंत्राने कण्हल्यासारखा आवाज केला आणि कॅसेट बाहेर दिली. फितीला एक चुणी पडली होती, पण ती तुटली नव्हती. आता ते ती डब्यात ठेवतील असं मला वाटलं. नियम त्यांचाच होता. पण त्यांनी रिमोट उचलला.

"मानसाले बाजूले हो म्हनलं त थो किती बाजूले जाते, मॅडम?" ते मला विचारत होते, पण मला कशाला विचारतील. "एक पाऊल. पंगतीत त्याहून जागाच कुठी असते. कड उघडून पाहू."

त्यांनी कॅसेट पुन्हा आत ढकलली आणि चित्र लहान केलं. आयुष्यभर झाकलेली ती कड पडद्यावर आली. खालची पट्टी लुकलुकत होती, डावीकडची झालर दिसत होती. चाचांनी फीत थोडी मागे घेतली. मग ते कॅमेऱ्यावर वाकले आणि बटण शोभाने दाबलं.

फेटे. हात. खांदा. "ए, बाजूले हो रे."

आणि पार डाव्या कडेला, काळपट झालरीला टेकून, एक पोरगा उभा होता. एका हातात मठ्ठ्याची बादली, दुसऱ्यात पळी. घामाने केस कपाळाला चिकटलेले. तो एकच पाऊल सरकला होता आणि थेट आमच्याकडे पाहून ओशाळा हसत होता.

कॅमेरा वाजला. पुढच्याच क्षणी व्हीसीआरमधून चरचर आवाज आला आणि पडद्यावर नुसती खरखर उरली. यंत्राने फीत खाल्ली होती.

चाचा कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यात पाहत राहिले. त्या काही क्षणांत मी माझ्या सगळ्या देवांची नावं घेतली असतील. मग त्यांनी कॅमेरा आईसमोर धरला.

तिने बराच वेळ पाहिलं. बोट लावलं नाही, जवळ नेलं फक्त. "हाच," म्हणाली. "असाच हासे." मग चाचांकडे पाहून म्हणाली, "तुमी बाजूले हो म्हनलं, म्हनून त्यानं इकडे पाह्यलं, भाऊ. नाहीतर मान खाली घालून वाढतच राह्यला असता."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा काढला. मी तेव्हा रडले. लपवायचं कशाला.

वर्षश्राद्धाला मी शोभाच्या गावी गेले होते. भिंतीवर फोटो होता, हार घातलेला. खाली ती पांढरी पट्टी तशीच होती. परतल्यावर मी चाचांना विचारलं, एवढी घाण झाकणारे तुम्ही, ती पट्टी कापली का नाही.

"कापली तर त्याचे पाय जाते, मॅडम," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दुकान आवरतं घेतलं आणि अकोल्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना डबी माझ्याकडेच ठेवली. टीव्हीची कड पुन्हा झाकून द्यायला येतो म्हणाले होते, पण छातीचं दुखणं निघालं आणि राहून गेलं. अकोल्याहूनच त्यांच्या जाण्याचा फोन आला. मी गेले तेव्हा त्यांची मुलगी घरभर फोटो शोधत होती. सगळ्यांना टिपणाऱ्या माणसाला कोणी टिपलं नव्हतं. सापडला तो ऐन विशीतला, आम्हा कोणाच्याच ओळखीचा नसलेला.

परवा व्हीसीआर दुरुस्त करून घेतला आणि मुलाच्या वाढदिवसाची कॅसेट लावली. आधी वास घेतला. टीव्हीची कड अजून उघडीच आहे. केक आला, पोरं धावली, मेणबत्ती पडेल की काय असं झालं. तेवढ्यात डाव्या कडेला, काळपट झालरीत, कॅमेऱ्याच्या मागून पुढे आलेला एक पंजा दिसला. पोरांना थांबवणारा. इतकी वर्षं तो काचेच्या चौकटीमागे होता आणि आम्हाला कधी दिसला नव्हता.

पोरं थांबली. पंजा मागे गेला. मी कॅसेट पुन्हा लावली नाही.